सुईविरुद्धची प्रतिज्ञा

१२ मार्च

प्रतिज्ञा अशी: सुया टोचून खांदा बरा होत नाही. खांदा आपल्या सवडीने बरा होतो, आणि त्या वेळी जवळ जी सुई असते तिला श्रेय मिळते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला! पुढील नोंदींतून मी एवढेच सिद्ध करणार आहे.

वस्तुस्थिती. वय चौऱ्याहत्तर. उजवा खांदा नोव्हेंबरपासून आखडलेला. स्वेटरच्या बाहीत हात घालायला बाक-होची मदत लागते. नवऱ्याने मला कपडे चढवावेत अशी वेळ बावन्न वर्षांच्या संसारात प्रथमच आली. इस्पितळात दोनदा माप घेतले, डिसेंबरात आणि परवा. दोन्ही वेळा हात एकाच जागी अडला, खांद्याच्या पातळीच्या बराच खाली. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "काळजी नको आजी, वर्ष-दीड वर्षात आपोआप सुटतो."

वर्ष-दीड वर्ष! नातीचे, यिंग-तुंगचे, लग्न सत्तावीस एप्रिलला आहे.

१३ मार्च

लग्नाच्या सकाळी नवरीचे केस सवाशिणीने चारदा विंचरायचे. कंगवा टाळूपासून टोकापर्यंत एका ओढीत गेला पाहिजे. मध्ये थांबला तर अपशकुन. अपशकुन मी मानत नाही. पण नात मानते, आणि तिला मी हवी आहे. प्रश्न इतकाच आहे, आणि तो मला वाटते त्याहून मोठा आहे.

सूनबाई आज म्हणाली, "आई, हल्ली बाई मिळते हो ठरवून. लाल कपडे, शुभवचनं, सगळं पाठ असतं तिला."

यिंग-तुंग लगेच, "मग नवरीपण ठरवूनच आणा!"

नात एकशे चौऱ्याहत्तर सेंटीमीटर, बास्केटबॉल खेळणारी. मी एकशे अठ्ठेचाळीस. ती खुर्चीत बसली तरी टाळू माझ्या हनुवटीला लागते. नवरीला जमिनीवर बसवावे, असे मी सुचवले. सूनबाईने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी प्रेत मांडायला सांगितले.

दुपारी बाक-होला खुर्चीत बसवून तालीम केली. कंगवा त्याच्या कानापर्यंत पोहोचला. "टाळूवर विंचरण्यासारखं उरलंय काय माझ्या," म्हणाला. "तू कानच विंचर."

१५ मार्च

सुईवाल्याकडे गेले. डॉक्टर मोक सिऊ-लाम. दार उघडताच ओरडला, "बाई! तुम्ही मला नापास केलं होतंत!"

वैद्यक महाविद्यालयात मी तर्कशास्त्र शिकवीत असे. आठवले. "'काही'चे 'सर्व' केले होतेस तू."

"अजून करतो. पण सुईने." खाटांवरचे सगळे रुग्ण हसले.

त्याने अर्धा तास प्रश्न विचारले. झोप कशी, भूक कशी, पोट साफ होते का, गारठा सोसतो का. जीभ पाहिली. दोन्ही मनगटांची नाडी तीन-तीन बोटांनी. मी विचारले, खांद्याचा जिभेशी संबंध काय?

"बाई, तुम्ही शिकवायच्या आधी हजेरी घ्यायचात ना? तसं समजा."

सुया बंद पाकिटातल्या, एकदाच वापरायच्या, जाडी केसाएवढी. चार खांद्याभोवती. पाचवी डाव्या नडगीत! दुखणे उजवीकडे वर, सुई डावीकडे खाली. मी निषेध नोंदवला. तो नडगीतली सुई हलकेच फिरवत राहिला आणि म्हणाला, "आता उजवा हात हलवा."

टोचताना मुंगी चावल्याइतकेच. नंतर आत काहीतरी जड झाले, पसरत गेले.

"आंबलं का?" त्याने विचारले.

"प्रश्न सदोष आहे. नडगी हे फळ नव्हे."

शेजारच्या खाटेवर फुंग मावशी होत्या, गुडघ्यात सुया घेऊन निजलेल्या. तिथूनच म्हणाल्या, "अहो बाई, आंबलं की आंबलं म्हणावं! नाहीतर तो फिरवतच बसतो मेला!"

आंबले होते. तसे सांगितले. सुया पंचवीस मिनिटे ठेवल्या. आठवड्यातून तीनदा यायचे, दहा खेपांनंतर फरक पाहायचा, तोवर चमत्काराची अपेक्षा धरायची नाही, असे तोच म्हणाला. हे प्रामाणिक.

"घरी थोडा व्यायाम सांगतो."

"नको. एका वेळी एकच कारण. दोन घातली तर निष्कर्ष कोणाच्या नावावर लिहू?"

"बाई, तुम्ही पेशंट आहात."

"निरीक्षक."

मोजमाप आजपासून. जागा: स्वयंपाकघराची चौकट. पद्धत: चौकटीसमोर उभे राहून उजव्या हाताची बोटे लाकडावरून वर चालवत न्यायची, जिथे अडतील तिथे खूण. एका मापात चूक संभवते, म्हणून सकाळी पाचदा, संध्याकाळी पाचदा, आणि सरासरी. ग्वांगचौत या दिवसांत भिंती घामाघूम असतात, पेन्सिल टिकत नाही. सुरीने खाच पाडते. "चौकटीची चाळण होणार," बाक-हो म्हणाला.

१६ मार्च

खांदा कालपेक्षा जास्त दुखतो. उत्तम!

१८ मार्च

आज फजिती. निरीक्षण शुद्ध राहावे म्हणून सकाळची पेज घेतली नव्हती. तिसरी सुई लागताच घाम फुटला, कानात पाणी भरल्यासारखे झाले, छत फिरू लागले. मोकने क्षणात सुया काढल्या, पाय उंचावर ठेवले, कोमट साखरपाणी दिले. मग भडकला.

"उपाशीपोटी सुई घ्यायची नाही, हे दारावर लिहिलंय! एवढं मोठं!"

"वाचले. कारण दिलेले नव्हते."

"कारण आत्ता मिळालं ना?"

फुंग मावशींनी पिशवीतून तिळाची वडी काढली आणि माझ्या तोंडात कोंबली. चूर्णासारखी, गोड, फार चांगली. निरीक्षणाशी संबंध नाही, तरी नोंद.

२१ मार्च

दंडावर निळा डाग, नाण्याएवढा. मोक म्हणतो, बारीकशी रक्तवाहिनी मध्ये आली, चार दिवसांत जाईल. बाक-होने शेजाऱ्यांना सांगितले की तर्कात हरल्यावर मी हाणामारीवर येते.

२५ मार्च

सुया अंगात असताना आज वाद घातला. इतका निवांत वाद मी आयुष्यात घातला नव्हता. हलता येत नव्हते.

"हे चालते कसे, सांग."

"माझ्या आजोबांना विचारलंत तर, अंगात वाटा आहेत, त्यांतून चैतन्य वाहतं. वाट तुंबली की दुखतं. सुई वाट मोकळी करते."

"आणि तुला विचारले तर?"

"सुई टोचली की नसा मेंदूला खबर देतात. मेंदू वेदना दाबणारी द्रव्यं सोडतो, घट्ट स्नायू सैल पडतो. शिवाय तुम्ही पंचवीस मिनिटं शांत पडता, कोणीतरी 'कसं वाटतंय' विचारतं. त्यानंही बरं वाटतं."

"यातले किती कशामुळे?"

"माहीत नाही, बाई. मोजणारे अजून भांडतायत. काहींना खोट्या सुयांनीही बरं वाटतं. काहींना खऱ्यांनीही नाही."

छत्तीस वर्षांपूर्वी हे उत्तर दिले असते तर मी त्याला वरच्या श्रेणीत काढले असते.

२९ मार्च

खाच पहिल्या दिवसापेक्षा तीन बोटे वर. योगायोग.

५ एप्रिल

पितरांचा दिवस. सगळे टेकडीवर. भाजलेले डुक्कर, ऊस, पितरांसाठी जाळायचे कागदी पैसे, नातवंडांचा गोंधळ. सासूबाईंच्या थडग्यापुढे उदबत्त्या दोन्ही हातांत धरल्या आणि कपाळापर्यंत नेल्या. नेल्यावर लक्षात आले.

बाक-हो पाहत होता. "अगं, हात!"

"धूर डोळ्यांत गेला असेल. नीट दिसले नसेल तुला."

उतरताना तो माझ्यामागे शीळ घालत होता. सासूबाईंना शीळ मुळीच चालत नसे.

१० एप्रिल

आठवड्यातून दोनदाच येणाऱ्या फुंग मावशींची आज दहावी खेप होती. गुडघा आहे तसाच. मोकने त्यांना स्पष्ट सांगितले, "मावशी, आणखी सुया नकोत. झीज फार आहे. हाडाच्या डॉक्टरांकडे जा, चिठ्ठी देतो." मावशी म्हणाल्या, "आणि गप्पांना कुठं जाऊ?" तो म्हणाला, गप्पांना याच.

माझी दहावी खेप परवाच झाली. एकीला गुण, एकीला नाही. दोन उदाहरणांवर नियम उभा राहत नाही. पण चौकट मला रोज दोनदा खिजवते. इस्पितळात तीन महिने जे माप हलले नाही, ते सुया लागल्यापासून चढते आहे. आपोआप बरा होणारा खांदा नेमका त्याच आठवड्यात का जागा झाला? माझ्याकडे उत्तर नाही. उत्तर नसले की मला झोप चांगली लागत नाही. लागते आहे, हे आणखी एक कोडे.

१७ एप्रिल

बाही एकटीने घातली! बाक-हो जरा हिरमुसला.

२१ एप्रिल

तालीम. बाक-होची टाळू, टोकापर्यंत, चारही वेळा. त्याने डोळे मिटून घेतले होते. "पुन्हा कर," म्हणाला. गरज नव्हती. केले.

२७ एप्रिल

पहाटे साडेपाच. खिडकीजवळ यिंग-तुंग, लाल झग्यात, पाय चौरंगावर, गुडघे हनुवटीशी. मागे मी. भोवती सूनबाई, मैत्रिणी, दारात बाक-हो आणि मुद्दाम बोलावलेला मोक. उकडलेल्या गोड भातगोळ्यांचा वास.

पहिली ओढ टाळूपासून टोकापर्यंत. दुसरीही. शुभवचने म्हणायची ती म्हटली. मी जन्मात इतकी अप्रमाणित विधाने एका दमात केली नव्हती.

तिसऱ्या ओढीला कंगवा मानेपाशी अडला. गाठ! मैत्रिणींनी रात्रभर कसलीशी फवारणी करून ठेवली होती. हात वर, कंगवा गाठीत. थांबायचे नव्हते. खांद्यात जेवढे होते तेवढे लावले आणि ओढले.

"आई गं!" यिंग-तुंग किंचाळली. "आजी, संसार हवाय मला, टक्कल नको!"

पण कंगवा थांबला नव्हता. टोकापर्यंत गेला. सूनबाई रडता रडता हसत होती. चौथी ओढ पाण्यासारखी गेली. हात खाली घेतला तेव्हा कळले, की तो दुखलाच नाही.

मग मी सर्वांसमक्ष म्हणाले, "मोक, माझी प्रतिज्ञा खंडित झाली. तू उत्तीर्ण."

"बाई, लेखी द्या!"

आहेराच्या लाल पाकिटावर लिहून दिले. त्याने ते छातीच्या खिशात ठेवले आणि दिवसभर पाहुण्यांना दाखवत हिंडला. मेजवानीत मी तीन पेले घेतले. हरणे इतके रुचकर असते, हे कोणी सांगितले नव्हते.

२८ एप्रिल

मोक उरलेली मिठाई न्यायला आला. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला आणि चौकटीशी थबकला. "बाई, या खाचा कसल्या?"

पद्धत सांगितली. बोटे लाकडावरून वर, पाचदा सकाळी, पाचदा संध्याकाळी, त्रेचाळीस दिवस.

तो चौकटीला टेकून इतका हसला की बाक-हो धावत आला. "बाई, हाच तो व्यायाम! बोटांनी भिंत चढायची. आखडलेल्या खांद्याला हाच देतात. तीस वर्षं सांगतोय, कोणी आठवडाभर करत नाही. तुम्ही चारशेवर वेळा चढलात!"

सुई आणि चौकट एकाच दिवशी सुरू झाल्या. कोणाच्या नावावर लिहावे, ते आता कधीच कळणार नाही. प्रतिज्ञा सिद्ध नाही. कालचे खंडनही सिद्ध नाही. पाकीट परत मागितले; तो देत नाही.

चूक एक, आणि ती माझी: मापाला मी साक्षीदार समजले, ते गुन्ह्यात सामील होते.

मान्य.

सिन वाइ-जिंग