हात न टेकता

४ जानेवारी, रविवार
सगळ्यात आधी उतरली ती विहीण. बाळ मागाहून. इको गाडी दारात थांबली तेव्हा मी भाकरतुकडा घेऊन नातीवरून ओवाळायला उभी, आणि समोर रखमी. हात सुरू झालेला, तो थांबेना. सगळा भाकरतुकडा तिच्यावरूनच ओवाळून टाकला. एवढी चांगली तांदळाची भाकरी वाया गेली.

नात तीन महिन्यांची झाली. नाक आमच्या सुदामचं. रखमी म्हणते, त्यांच्या उधव्याचं. उधव्याच्या बाजाराला मी लग्नाआधीपासून जाते, असलं नाक तिथे एकाला नाही.

तिसरा महिना सरला की सून बाळाला घेऊन सासरी येते, ही रीत आहे. मी पाळणा धुतला, नवी दोरी लावली. तर रखमी म्हणाली, आज नुसतं दाखवायला आणलंय. दक्षाचं सिझर झालंय, तिला पाटावर वाकून आंघोळ घालवत नाही. मी म्हटलं, आजी कशाला आहे. तर म्हणाली, हिरूताई, तुम्ही पाय लांब करून बसाल हो, पण उठवायला चार माणसं कुठून आणायची. मी म्हटलं, ही बघा उठले. तेवढ्यात सुदामने हात दिला. मेल्याला कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला.

मग ठरलं. एक फेब्रुवारीला परत येणार. मी पाटावर बसून बाळाला आंघोळ घालायची आणि हात न टेकता उठायचं. उठले तर बाळ इथे सायवनला राहील. नाही तर परत उधव्याला. माझी जाऊ नवशी कुंपणापलीकडून ऐकत होती. म्हणजे आता गावभर झालं.

जाताना बाळ माझ्याकडे बघून हसलं. रखमीकडे बघून हसत नाही, मी नीट पाहिलंय.

५ जानेवारी, सोमवार
भाचा विनोद उंबरगावच्या कंपनीत आहे, सुटल्यावर जिमला जातो. त्याला फोन केला. त्याने इंटरमिटंट का काय तो उपास सांगितला. देव नाही, वार नाही, सकाळ नुसत्या पाण्यावर काढायची. कोरा चहा चालतो, साखर नाही. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत खायचं, मग तोंड बंद. पण म्हणाला, मावशी, नुसती उपाशी राहशील तर चरबीबरोबर मसल पण जाईल आणि आत्ता उठतेस तेवढीही उठणार नाहीस. म्हणून रोज उठाबशा, कळशी उचलायची, आणि डाळ, अंडी, मासे. मासे म्हटल्यावर पोरगा हुशार आहे असं वाटलं. आधी डॉक्टरला विचार म्हणाला. डॉक्टर उधव्याचाच आहे, कोणाच्या बाजूने बोलेल ते मला माहीत आहे.

उठाबशांवर मात्र राग आला. गुरुजींनी दुसरीत मला उठाबशा काढायला लावल्या म्हणून मी शाळा सोडली. बापाने पण परत पाठवली नाही, बकऱ्या होत्या. लिहायला पुढे सुदामच्या पाटीवर शिकले. आणि आता भाच्याने त्याच लावल्या.

आमचं घड्याळ बंद आहे. समोर शाळा आहे. मधल्या सुट्टीची घंटा झाली की जेवायचं, असं ठरवलं. त्याच शाळेची घंटा, बघा.

६ जानेवारी, मंगळवार
घंटा होईपर्यंत काही खाल्लं नाही. धाकट्या डहाणूची मासेवाली आली होती. सुके बोंबील घेतले. खारट आहेत का ते खाऊन बघावं लागतं, त्याला खाणं म्हणत नाहीत. चार-पाच ठिकाणचे बघावे लागतात, टोपलीत वर एक आणि खाली एक असतं तिचं.
उठाबशा काढल्या. ओट्याचा खांब धरून.

८ जानेवारी
कळशी उचलली. भरलेली उचलून सांडली तर पाणी वाया, म्हणून रिकामी. नवशी कुंपणावर गोधडी टाकायला आली, टाकून गेली, परत काढायला आली. लगेच. तिच्या कानाला मोबाइल होता. पलीकडे कोण होतं ते मला सांगायला नको.

१० जानेवारी, शनिवार
शनिवारी सकाळची शाळा. घंटा न्याहरीच्या वेळेलाच झाली. नियम तो नियम. जेवले.

११ जानेवारी, रविवार
आज घंटाच नाही. आता कोणत्या वेळेला जेवायचं ते विनोदने सांगितलं नव्हतं. उगीच चूक नको म्हणून सकाळपासूनच सुरू केलं. मध्ये थांबायचं कधी तेही कळेना.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. नवशी तिळगूळ घेऊन आली, गोड बोला म्हणाली. आणि दाराशी उभी राहून बघत बसली, खाते का नाही. घंटा व्हायची होती. न खावं तर भांडण केलं म्हणेल, खावं तर उधव्याला फोन करेल. खाल्ला. तिच्यामुळे माझा उपास मोडला. हे तिच्या नावावर. तिळाचा दुसरा लाडूही तिनेच आणला होता.

१९ जानेवारी, सोमवार
विनोद येऊन गेला. उठाबशा दाखव म्हणाला. मी दाखवल्या. म्हणाला, मावशी, तू खांब ओढतेस, पाय काही करत नाहीत, असंच चाललं तर खांब उपटून येईल. खांब माझ्या सासऱ्याने लावलाय, तो काही उपटत नाही. खाटेवर बसून उठ म्हणाला, हात छातीशी ठेवून. खाटेवरून मी झोपून उठते रोज, त्याच्यात काय नवीन. उद्यापासून करते म्हटलं.
कळशीत पाणी किती भरतेस विचारलं. मी म्हटलं, बघ बाबा, तुझा चहा गार होतोय.

२२ जानेवारी
वाडीत चिकू मोजायला व्यापाऱ्याचा काटा आला होता. सगळी गेल्यावर मी उभी राहिले. मागच्या वेळेपेक्षा जास्त भरले. विनोदनेच सांगितलंय की मसल चरबीपेक्षा जड असतं. म्हणजे वाढलं ते मसल. एवढं मसल एवढ्या लवकर येईल असं मला वाटलं नव्हतं. शिवाय काट्यावर चिकूचा चीक होता.
सुदामला सांगितलं तर तो बाहेर जाऊन खोकला. बायको-बाळ माहेरी असल्यापासून असाच वागतो. रात्री पाळण्याला झोका देत बसतो, रिकाम्या. तेवढ्यासाठी तरी मला उठलं पाहिजे.

२६ जानेवारी, सोमवार
झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटली. घंटा झाली नाही पण पोरं खात होती म्हणजे मधली सुट्टीच. मास्तरीणबाईंनी मला पण दोन दिल्या. नको कसं म्हणणार, झेंड्यासमोर.

३० जानेवारी
खाटेवरून हात न लावता उठले. खरंच. एकदा. दुसऱ्यांदा खाट पुढे सरकली, त्यात माझा दोष नाही.
रखमीला आता कळेल. तिने येताना बाळाचे कपडे सगळे घेऊन यावेत, परत कोण जाणार आणायला. दक्षाला फोन करून तसं सांगितलं. ती बरं म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता. किंवा हसत होती, फोनवर सारखंच लागतं.

१ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ
परत रखमीच आधी उतरली. भाकरतुकडा मी या वेळी पाठीमागे लपवला होता, बाळ दिसेपर्यंत काढलाच नाही. कपड्यांची पिशवी एकच होती, छोटी. तेव्हाच समजायला हवं होतं.

मोरीत पाट मांडला. विनोद, सुदाम, दक्षा, नवशी, सगळी दारात. मी बसले. बसताना काही नाही, बसणं मला पहिल्यापासून येतं. पाय लांब केले, बाळ पायांवर घेतलं. तेल लावलं, हात-पाय चोळले, कोमट पाणी सोडलं. पोर रडली नाही. डोळे मिटून घेतले आणि पाण्याकडे तोंड केलं, मांजर उन्हाकडे करतं तसं. इतकी माणसं होती पण मला बाकी कोणी दिसत नव्हतं. सुदामला घातलेली आंघोळ आठवली, तेव्हा पाटावरून मी बाळासकट उठायचे आणि कमरेवर हंडाही घ्यायचे.

दक्षाने बाळ पुसून घेतलं. रखमी म्हणाली, आता उठा.

मी म्हटलं, जरा बसते. सगळ्यांनी चहा घेतला. मी म्हटलं, बाळाला परत द्या, इथेच झोपवते पायांवर. दिलं, झोपलं. मग झोपलेल्या बाळाला घेऊन कोण उठतं. पाहुणे जेवले. रखमीने माझं ताट मोरीत आणून दिलं, बोंबलाचं कालवण, पापड, सगळं. तिने वाढलं, मी बसून खाल्लं. माझ्या घरात विहिणीने मला वाढलं हे नवशीने पण पाहिलं. ते तेवढं झालं.

बाळ जागं झालं, दक्षाने नेलं. मग काही उरलं नाही. पाय मुंग्या येऊन माझे नव्हतेच. मी जोर केला. पाट घसरला. हात टेकला, दुसराही टेकला, गुडघाही. विनोद एकीकडून, सुदाम एकीकडून. सुदामने मला उभं केलं आणि मग माझ्याकडे बघितलंच नाही, गाडीत पिशवी ठेवायला गेला.

कोणी हसलं नाही. नवशी सुद्धा नाही. रखमीने माझं भिजलेलं लुगडं पिळून वाळत टाकलं आणि म्हणाली, आंघोळ चांगली घातलीत, माझ्याकडे रडते. हे तिने मला हरवल्यावर सांगितलं, आधी नाही.

बाळ गाडीत बसलं. मी विचारलं, आता कधी. रखमी म्हणाली, पाडवा झाल्यावर दुसऱ्या दिवशी. तोवर नात बसायला शिकेल, तुम्ही उठायला शिका.

कॅलेंडरात बघितलं. पाडव्याचा दुसरा दिवस शुक्रवार आहे. आजच्यासारखा रविवार नाही, शाळेची घंटा होईल.