मे महिन्याचा उतार

दि. ११ एप्रिल

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. तू आणि वहिनी खुशाल आहात हे वाचून बरं वाटलं. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. 'सगळे' म्हणजे आता मी एकटीच, पण लिहायची सवय जात नाही.

माझं काम चालू आहे. दर महिन्याला जोडीदारणीबरोबर दोन काठ्या आणि दोर घेऊन किनाऱ्यावर जायचं आणि घरांपासून पाण्यापर्यंत वाळू किती उतरते ते मोजायचं. उतार सौम्य असला की लाट पसरते, दमते. उभा असला की तीच लाट सरळ वर चढते. वादळाआधी कुठली घरं रिकामी करायची ते आमचं ऑफिस या आकड्यांवरून ठरवतं. तू हसायचास, "हिला वाळू मोजायचा पगार मिळतो!" बाबा मात्र माझा तक्ता स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवायचे.

काकांच्या मुलीच्या लग्नाला तू येणार नाहीस म्हणतोस. वर काकूंना फोन करून सुनावलंस, "सख्ख्या भावाला बुडायला सोडून पळाला, त्याच्या दारात मी पाय ठेवणार नाही." शाबास! लांब बसून न्यायनिवाडा करावा तर तूच. पण दादा, चोर सोडून संन्याशाला फाशी देतोयस.

वादळाच्या त्या संध्याकाळी मी ऑफिसात होते, तेव्हा काका दोनदा घरी आले होते. दुसऱ्यांदा तर त्यांनी बाबांना हाताला धरून ओढलं. बाबांनी त्यांना दारावरचा तक्ता दाखवला. "पोरीने मोजलंय. पाणी पायरीच्या वर येत नाही. तू जा, तुझ्या घरात बायकापोरं आहेत." सगळं उरकल्यावर काकांनीच मला हे सांगितलं. आणि म्हणाले, "तुझ्या दादाला कळू देऊ नकोस, तो तुला घालूनपाडून बोलेल." वर्षभर त्यांनी तुझी बोलणी खाल्ली आणि मी खाऊ दिली.

गेल्या मे महिन्यात, वादळाच्या आधी, जोडीदारीण रजेवर होती, म्हणून मोजणी घाईत झाली, असं मी तुला सांगितलं होतं. खोटं होतं ते. ती काठ्या घेऊन माझ्या टेबलापाशी उभी होती. मलाच उन्हात जायचा कंटाळा आला. एप्रिलचे आकडे थोडे इकडेतिकडे करून मी मेचा तक्ता भरला आणि चहा प्यायला गेले. काही मोठं कारण असतं तर बरं झालं असतं, पण नव्हतंच. खालची वाळू तोवर वाहून गेली होती, उतार उभा झाला होता. किनाऱ्यावर नुसतं फिरायला गेलेल्या माणसालाही ते दिसलं असतं.

बाबांच्या हट्टीपणावर तू दोन पानं लिहिली आहेस. ते हट्टी नव्हते रे. मी लिहून दिलं म्हणून ते थांबले.

उद्या हेच साहेबांना लेखी देणार आहे. नोकरी जाईल, जाऊ दे. तू लग्नाला ये, चारचौघांत काकांची माफी माग. मला फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा एखादी सबब काढीन, माझा भरवसा नाही.

पत्राच्या शेवटी मोठ्यांकडे आशीर्वाद मागतात. मला मागवत नाही.

धाकटी