हौद भरायचा आहे

प्रिय पोपट,

चर्च-मंडळ्यांच्या कौन्सिलच्या सरचिटणीसांना अशी हाक मारू नये हे मला कळतं. पण लहानपणी अख्खं स्तोत्र न अडखळता म्हणून दाखवलंस आणि आजोबांनी तुझं नाव पोपट ठेवलं, ते काही कौन्सिलच्या ठरावानं रद्द झालेलं नाही. पत्र लिहितेय, कारण फोनवर आपलं हल्ली जमत नाही. तू म्हणतोस, "आई, हा तत्त्वाचा प्रश्न आहे," मी फोन आपटते आणि मग आठवडाभर दोघंही फुगून बसतो. पत्रात तुला मधे बोलता येणार नाही, एवढाच माझा फायदा.

तुझी नोटीस पोचली. आपल्या चर्चच्या मंडळीच्या नावानं आली, पण खाली सही तुझी, तीच लफ्फेदार, शाळेच्या वह्यांच्या मागच्या पानांवर गिरवायचास ती. उपासना संपल्यावर पोस्टातून निवृत्त होऊन आता मंडळीचा कारभार बघणाऱ्या आपल्या डीकनकाकांनी ती वाचून दाखवली. बाईमाणसानं पाळक होऊन मंडळी चालवणं कौन्सिलला मान्य नाही. महिनाअखेरपर्यंत पाळकबाईंना दूर करा, नाहीतर मंडळीचं नाव कौन्सिलमधून काढलं जाईल. आणि बाईंच्या हातून झालेला कोणताही बाप्तिस्मा कौन्सिल ग्राह्य धरणार नाही. या शेवटच्या वाक्यापाशी काकांनी चष्मा काढून पुसला. सगळेजण माझ्याकडे न बघण्याची इतकी काळजी घेत होते की मलाच हसू आलं.

तुझी बाजू मला समजत नाही असं समजू नकोस. नर्सिंग कॉलेज, मुलींचं वसतिगृह, पाळक तयार करणारी ती शाळा, हा सगळा गाडा तू ओढतोस. मोठ्या मंडळ्यांनी तुला दम दिला असणार, की या एका छोट्या मंडळीला वठणीवर आण, नाहीतर आम्ही बाहेर पडतो. त्या बाहेर पडल्या तर वसतिगृहातल्या मुली कुठे जातील, ही काळजी तुझी झोप उडवत असेल. माझाच मुलगा आहेस, कातडी बचावणारा नाहीस. पण आजोबांनी तुला मांडीवर बसवून काय शिकवलं होतं? आपण बाप्टिस्ट. आपल्या मंडळीवर कुणाचा हुकूम चालत नाही. कौन्सिल म्हणजे मंडळ्यांनी एकमेकींचा धरलेला हात. तो हात आता मानगुटीवर कसा आला, एवढं मला एकदा नीट समजावून सांग.

पुढच्या रविवारी दुपारी सभासदांची सभा आहे. हात वर करून मतं घेतील. बेकरीवाली म्हणते बाई राहतील, डीकनकाका म्हणतात काही सांगता येत नाही, कारण ज्यांच्या मुली नर्सिंगला आहेत ते मनातून घाबरलेत. घाबरणारच, त्यांना मी नावं ठेवणार नाही. मला तर मताचा हक्कच नाही. लग्न होऊन आल्यापासून मागच्या बाकावर बसते, पण सभासद कधी झाले नाही. ते का, ते तुला अर्धंच माहीत आहे. पुढे सांगते.

त्याच रविवारी सकाळी बाप्तिस्मा आहे, आणि माणूस पुरता बुडेल एवढा हौद भरायचा म्हटलं तर पाणी नाही! आजवर शेजारच्या शाळेच्या नळाला पाइप लावून भरायचो. पण शाळा कौन्सिलची. मुख्याध्यापक स्वतः आले, पायातल्या बुटांकडे बघत म्हणाले, वरून आदेश आहे, नळ देता येणार नाही. बिचाऱ्यांना घाम फुटला होता. वरून म्हणजे किती वरून, ते मी विचारलं नाही. तर आता ठरलंय असं की शनिवारी प्रत्येकानं घरून बादल्या भरून आणायच्या. रविवारी पहाटे बेकरीवाली भट्टीवर पिंपं तापवून देणार आहे. डीकनकाकांनी रांगेत कोण कुठे उभं राहणार तेही ठरवून टाकलंय, आयुष्यभर पत्रं लावली, आता माणसं लावताहेत. दोन वर्षं एकमेकांशी न बोलणारे दोघे शेजारी-शेजारी उभे केलेत. मुद्दामच.

तुझे बाबा असते तर त्यांनी कुणाला बादलीला हात लावू दिला नसता. आठवतं ना, व्यासपीठावरचं लाकडी मेज बाजूला सारायचे, खालच्या, हौदावरच्या फळ्या उचलायचे, पाइप सोडायचे, आणि पाणी तापलं की बाही वर करून त्यात कोपर बुडवायचे. तान्हेपणी तुझ्या अंघोळीचं पाणी मी बघायचे तसं. मग ओल्या बाहीनं घरी यायचे आणि दारातूनच सांगायचे, "पाणी छान कोमट झालंय." मी म्हणायचे, "मग चहा टाका त्याचा." दर खेपेला हेच. तुला वाटायचं ही आमची थट्टा आहे. थट्टाच होती, पण ते विचारत होते आणि मी नाही म्हणत होते. इतक्या वर्षांत त्यांनी त्याहून जास्त कधी विचारलं नाही, याचं मला आता फार वाटतं.

तुझ्या आजोबांनी, माझ्या सासऱ्यांनी, मात्र एकदाच आणि स्पष्ट विचारलं होतं. मी दुसऱ्या पंथाच्या मंडळीतली, तान्ही असताना माझ्या कपाळावर पाणी घातलेलं. आजोबा म्हणाले, तान्ह्या बाळाला काय कळतं, तो बाप्तिस्माच नव्हे, आता पाण्यात उतरून खरा घे, मगच सभासद. माझी आई तेव्हा नुकतीच गेली होती. तिनं मला कुशीत धरून जे केलं ते खोटं होतं असं मी कुणासाठीही म्हणणार नव्हते. आजोबा हट्टी आणि मी त्यांच्यावर ताण. सभासद नाही म्हणून प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट माझ्यासमोरून पुढे जायचं आणि मी मान ताठ ठेवून बसायचे. हं, पांढरे झगे मात्र मीच शिवले, या मंडळीत पाण्यात उतरलेल्या प्रत्येकाचे. पहिल्या वेळी घोळ झाला होता. बेकरीवालीचे सासरे चांगलेच जाडजूड, पाण्यात उतरले आणि झगा छत्रीसारखा वर आला. मंडळी गाणं विसरून खोकायला लागली. तेव्हापासून मी खालच्या काठात शिशाचे मणी शिवते. तुझ्याही झग्यात होते.

पाळकबाईंबद्दल तुला नोटिशीपुरतंच माहीत आहे, म्हणून सांगते. बाबांच्या शेवटच्या दिवसांत त्या रोज यायच्या. प्रार्थना करायच्याच, पण आधी उशी नीट करायच्या, पाणी पाजायच्या, आणि मला म्हणायच्या, तुम्ही जरा पडा, मी आहे. तुला कामातून निघता येत नव्हतं. ते मी मनात धरलेलं नाही, खरंच नाही. पण शेवटच्या सकाळी बाबांचा हात त्यांच्या हातात होता, आणि बाबा मंडळीच्या नियमाला किती पक्के होते ते तू जाणतोस. ते त्यांना "आमच्या पाळक" म्हणायचे. "बाई" लावायचे नाहीत.

नोटीस आली त्याच दिवशी मी तावातावानं त्यांच्याकडे गेले. म्हटलं, मला बाप्तिस्मा द्या, सभासद करा, मला तुमच्या बाजूनं हात वर करायचाय. त्या हसल्या आणि चक्क नाही म्हणाल्या. मतासाठी मी कुणाला पाण्यात घालत नाही. मला राग आला, बरंही वाटलं. मग त्यांनी विचारलं, तुमच्या आईनं तुमच्यासाठी देवाकडे मागितलं, ते खोटं कशाला ठरवायचं? पण तुम्हाला स्वतःला काय मागायचंय? पोपट, इतकी वर्षं मी काय नाकारते हेच सगळ्यांनी विचारलं होतं. मी काय मानते हे कुणी विचारलंच नव्हतं. मी घरी आले, मशीनपाशी बसले आणि पोटभर रडले. चार दिवसांनी परत गेले आणि काय मानते ते सांगितलं. ते तुला पत्रात नाही सांगणार, सगळ्यांसमोर सांगणार आहे.

तर रविवारचा झगा माझा आहे. मणी शिवून झाले, काल घालूनही बघितला, खांद्यात जरा सैल आहे. माझं नाव सभासदांत सभेनंतरच घाला, असं मी डीकनकाकांना बजावलंय. मतासाठी भिजली असं कुणी म्हणायला नको. म्हणजे बाईंसाठी मला हात वर करता येणार नाही. पण पाण्यात त्यांच्याच हातून जाणार. एकदा तुझ्या आजोबांनी माझा बाप्तिस्मा खोटा ठरवला, आता तुझ्या सहीनं दुसऱ्यांदा ठरेल. सही मागे घे असं मी म्हणत नाही, ते तुझं तू आणि तुझा देव बघून घ्या. मी वेगळंच मागतेय. बादल्यांना माणसं पुरेशी आहेत. पण सकाळी पाण्यात कोपर घालून बघायचं काम बाबांचं होतं, आणि ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. सरचिटणीसांना आमंत्रण नाही. तू ये, बाही वर कर, आणि पाणी कोमट आहे का तेवढं मला सांग. नाही आलास तर गार पाण्यात उतरेन, पण उतरेन.

तुझीच,
आई