आंब्यावरच्या गरुडांची खबर

नवापूर,
१२ जानेवारी १९६९

टिपणीस साहेब,

हिराजी तामोरेचा रामराम.

परदेशी टेलिव्हिजनवाल्यांना घेऊन तुमी आलात, तेवा पत्ता लिहिलेलं पाकीट देऊन गेलात. "समुद्रगरुडांनी परत घरटं बांधलं की कळव," बोललात. तर माझ्या आंब्यावर जोडी परत आली हाय, आणि दोन पिल्लं हायेत!

त्या साली घरटं झाकणाऱ्या फांद्या मीच कोयत्यानं तोडल्या. कॅमेऱ्याच्या आड येत होत्या. "चित्र बघून जगभरचे लोक यांना जपतील," असं तुमी बोललात आणि मला ते पटलं. तुमी गेलात, त्याच्या तिसऱ्या दिवशी पिल्लू उन्हानं मेलं. तुमच्या चित्रात ते अजून जितं असेल. इथं मी त्याला वाळूत पुरलं.

दोन वरसं जोडी फिरकली नाय. फांद्या दाट झाल्या, तेवाच आली. आता खोडाला मी काटे बांधलेत. माझी बायको पारू आंब्याखाली चूलसुद्धा पेटवत नाय. काल मोठं पिल्लू पंख पसरून फांदीवर उभं राहिलं, तर तारापूरला कामावर निघालेली माणसं सायकलवरून उतरून बघत होती. माझी छाती अशी फुगली, जसं मीच त्याला जन्म दिला!

तुमाला सांगावं असं फार वाटलं, म्हणून लिहिलं. पण तुमच्या पाकिटात पारूनं भोपळ्याच्या बिया भरल्यात, ते बरंच झालं; हे पत्र आता घरातच राहील. तुमी आलात आणि परत तसं गोड बोललात, तर मला परत पटेल आणि मी फांद्या तोडायला परत कोयता काढीन.

आंब्याचा राखणदार,
हिराजी