मोती तिचं ऐकतो

मंगळवार, संध्याकाळ

मोतीला बाटलीने दूध पाजून वाढवला मी, आणि ऐकतो धाकट्या जावेचं! नेहा लग्न होऊन आली आणि सुक्या बोंबलाचे तुकडे देऊन त्याला बसायला, थांबायला शिकवलंन.

आज फाटक उघडं राहिलं आणि तो थेट सातिवलीच्या रस्त्यावर. मी ओरडले, तर आणखीच पळाला. नेहाने हळूच हाक मारली, "मोती, ये." लगेच वळला. मागून टेम्पो सुसाट गेला.

जीव वाचला त्याचा, आणि मी जळत काय बसले? बोंबलांचा डबा तर मीच भरते! मला का नाही सुचलं?

नंतर परसात तुकडा दाखवून म्हटलं, "बस." बसला.

मागून नेहा म्हणाली, "ताई, आता शाबास म्हणा त्याला."

म्हटलं. तिच्याकडे न बघता.