वरच्या मजल्याची पत्रपेटी

प्रिय वहिनी,

ज्या सकाळी तुमच्या धाकट्या बहिणीने पत्रपेटीवरून माझं नाव कांदा चिरायच्या सुरीने खरवडून काढलं, त्या सकाळी माझ्या परदेशवासाचं वाटोळं झालं. हे आधी सांगितलं, कारण नमस्कारांच्या गर्दीत मूळ मुद्दा राहून जातो. आता नमस्कार. तुमची कंबर काय म्हणते? दादाचा राग कसा आहे? (त्याची तब्येत विचारत नाही. मला शिव्या घालणारी माणसं कायम ठणठणीत असतात.)

इथलं टपाल म्हणजे अजब कारभार आहे. पोस्टमनला माणूस दिसत नाही, खोली दिसत नाही, दिसतं ते फक्त पेटीवरचं नाव. नाव नसेल तर पत्र आल्या वाटेने परत. एकाच इमारतीत मी तळमजल्यावर आणि तुमची बहीण तिसऱ्यावर, हा निव्वळ योगायोग. (मी कॉलेज तिच्यापायी अर्धवट सोडलं, असं दादा गावभर सांगतो. मी भाषेच्या वर्गासाठी आलो. व्हिसावर तसं छापलंय, वाचता येत असेल तर वाचावं.) आल्या आल्या मी माझ्या नावाची चिठ्ठी तिच्या पेटीवर, तिच्या नावाशेजारी चिकटवली. का, तर माझ्या पेटीचं झाकण गंजलेलं आहे. मग काय, रोज संध्याकाळी दाताच्या दवाखान्यातून येता येता ती माझं दार वाजवायची आणि "हे घे तुझं" म्हणून टपाल हातात द्यायची. गवत कापायच्या यंत्राची जाहिरात तिने अशी कितीदा तरी आणून दिली. मला गवत नाही, तरी सगळ्या जपून ठेवल्यात.

पुढे तिच्या दवाखान्यातली एक भोचक बाई चहाला आली, पेटीवर दोन नावं शेजारी शेजारी पाहिली आणि लग्नाचे पेढे मागून गेली. झालं. दुसऱ्या दिवशी सुरी. आणि नेमकं त्याच आठवड्यात व्हिसाची मुदत वाढवायचं बोलावणं आलं, नाव सापडेना म्हणून परत गेलं. व्हिसाच्या कचेरीत चौकशीला गेलो, तर काचेमागे एक इसम बसलेला, चेहऱ्याला इस्त्री केलेला. मी समोर उभा, माझा पासपोर्ट त्याच्या हातात, आणि तो म्हणतो, तुम्ही त्या पत्त्यावर राहत नाही. मग राहतो कुठे, विचारलं, तर म्हणे ते तुम्हीच सांगायचं. इमारतीतल्या कुणाचीतरी सही उद्या दुपारपर्यंत आणा, नाहीतर सामान बांधा. घरमालक परगावी, शेजारच्या म्हातारीला मी चोर वाटतो. उरलं कोण?

गेलो वर. आधी माझी यथासांग हजामत झाली, मग बाईसाहेब कागद लिहायला बसल्या. मी आपलं सहज सुचवलं, तिसरा मजला लिही, कचेरीत मी तुझ्याच पेटीचा पत्ता दिलाय, त्या नोंदीशी जुळेल. (फक्त सोय म्हणून.) तिने सही ठोकली आणि पेनाला टोपण लावलं.

"तू जिथे राहतोस तिथलंच लिहिणार ना मी? तळमजला. आणि तिथेच राहा."

माझं डोकं फिरलं. मला कुणाचे उपकार नकोत म्हणालो आणि तिचं दार आपटून खाली आलो. दिवसभर लोकांच्या दाढा पाहणारी मुलगी, तिला काळीज कुठून असणार? मला तिची काडीची फिकीर नाही. ही भाषा, हा व्हिसा, तो इस्त्रीवाला, सगळ्यांना रामराम. परत येऊन दादाच्या नाकावर टिच्चून कॉलेज पुरं करतो.

तुमचा दीर

ता. क. – रागाच्या भरात तो सही केलेला कागद तिच्याच टेबलावर राहिला. तिला आत्ताच्या आत्ता फोन करा. मी सांगितलंय असं मात्र सांगू नका. पत्राचा फोटो काढून पाठवतोय, इथल्या टपालावरचा माझा विश्वास उडालाय.

आणखी ता. क. – माझ्या पेटीचं झाकण गंजलेलं नाही. नुकताच तिथे नाव चिकटवून आलो.

शेवटचा ता. क. – तिला म्हणावं, कागद माझ्या खोलीत ठेवून जा, मी समोर येणार नाही. टेबल पुसून ठेवलंय, जाहिराती गादीखाली सरकवल्यात. हा मी निघालो बाहेर. दार नुसतं ओढून घेतोय, कुलूप लावत नाही.