घरात कोणाला शुगर नाही

लिहून ठेवणार सगुणाबाई मोतीराम जेजुरकर, वय एकाहत्तर, धंदा फुलशेती, राहणार मखमलाबाद, नाशिक. वकिलांनी मसुदा करून दिला होता, पण त्यात मी कुठेच सापडले नाही, म्हणून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धमकावलेलं नाही की फसवलेलं नाही. किळस मात्र आली आहे. त्याला कायद्याची हरकत नाही, हे वकिलांना विचारून घेतलं आहे.

मला बरीच वर्षं मधुमेह आहे. हे वाक्य दस्तात मुद्दाम घालते, कारण आमच्या घरात ते मोठ्याने बोलायची बंदी आहे.

१) माझ्या नावावरचा गुलाब आणि निशिगंधाचा मळा मुलगा गोरक्ष याला मिळावा. तो राबतो, त्याबद्दल तक्रार नाही. याच मळ्यात त्याच्या वडिलांच्या अंगठ्यात काटा गेला होता. जखम चिघळली, काळी पडली, खोलीत वास सुटला, तरी दवाखान्यात जायचं नाही. कारण आमच्या मुलीचं, मंजुषाचं, लग्न ठरलं होतं, आणि बापाला शुगर आहे कळलं तर पाहुणे फिरतील ही भीती. लग्नात ते मोजा चढवून, त्यावर अत्तर ओतून बसले होते. पुढे पाय गेला, मग माणूस गेला. लोकांना आजही हार्ट अटॅक सांगतात. माझ्या वेळी कोणी विचारलं तर खरं कारण सांगावं. अत्तर लावू नये, मला त्या वासाने मळमळतं.

२) साखर तपासायचं मशीन, पट्ट्या आणि सुयांची डबी घरातच, उघड्यावर ठेवावी. पाहुणे आले की सूनबाई प्रतिभा ती तांदळाच्या डब्यात खुपसते. माझ्या बोटावरचा रक्ताचा थेंब बघून तिला कसंतरी होतं. कोंबडी साफ करताना होत नाही.

३) माझे चालायचे बूट प्रतिभालाच द्यावेत, माप एकच आहे. नऊवारीवर बूट घालून मी रोज पाटाच्या कडेने चालते, तर ही शेजारी सांगत सुटली, की सासूबाई कामं टाकून हिंडतात. तिचं स्वतःचं वजन तिला जिन्यावर कळतं. बूट घालून तिने एकदा पाटापर्यंत जाऊन यावं, एवढीच इच्छा.

४) माझ्या नणंदबाई मंगलाबाई समोरच राहतात. त्यांना मालमत्तेतलं काही नाही, फक्त तेराव्याचं जेवण. त्यात गोड नसावं. ज्वारीची भाकरी, मेथी आणि मुगाचं वरण. इतकी वर्षं मी हेच जेवते आहे आणि त्याच्यावरच उभी आहे. ते त्यांना आग्रह करकरून वाढावं. चैत्रात सायखेड्याचे पाहुणे माझ्या नातीला, आरोहीला, बघायला आले होते. स्थळ मंगलाबाईंनीच आणलेलं. शिऱ्याची बशी मी बाजूला सारली, तशी त्या कानाशी लागल्या, "खा की वैनी, नाय खाल्लं तर त्यांना वाटंल घरात शुगर हाय." मी खाल्लं. त्यांनी परत वाढलं, तेही खाल्लं. टाळूला तूप चिकटलं होतं आणि मी हसून सांगत होते, की आमच्या घरात सगळे ठणठणीत. आत जाऊन मोजलं तर साखर तीनशेच्या वर. पाहुणे खुश होऊन गेले. त्या हसण्याची मला शिऱ्यापेक्षा जास्त शिसारी आली.

५) राहतं घर माझ्या नावावर आहे. ते आरोहीला द्यावं, मात्र तिने आधी रक्त तपासून घ्यावं, ही अट. तिच्या मानेवर मागे काळा पट्टा आला आहे. प्रतिभा त्याला बेसन आणि लिंबू लावून सालटं निघेपर्यंत घासते, कारण मुलगी उजळ दिसायला हवी. डॉक्टरांनी ती मान पाहिली आणि म्हणाले, हे घासून जायचं नाही, कधी कधी शुगरची सुरुवात अशी दिसते, तपासा. घरी सांगितलं तर गोरक्ष म्हणतो, "रिपोर्ट काढला की कागद होतो, आई. लग्न झाल्यावर बघू." बापाचा पाय सडताना ज्याने पाहिला तोच हे बोलतो! घराच्या लोभाने तरी हे दोघं तिला तपासायला नेतील. पोरीसाठी नेत नाहीत, याची मला थुंकावं इतकी चीड आहे.

इथवर लिहिलं आणि आरोही चहा घेऊन आली. काय लिहितेस म्हणाली. वाचायला दिलं. तिने शेवटपर्यंत वाचलं.

"आजी, मला घराचं आमिष दाखवायची गरज नव्हती गं," ती म्हणाली. "मला रात्रीतून चार वेळा लघवीला उठावं लागतं. सांगू कुणाला?"

तिने बोट पुढे केलं. मी सुई टोचली. आकडा इथे लिहीत नाही, तो तिचा आहे. चांगला नव्हता. उद्या उपाशीपोटी लॅबमध्ये रक्त द्यायचं ठरलं, मी सोबत जाणार.

तेवढ्यात गोरक्ष आला. पट्टी पाहिली आणि पोरीकडे न बघता आधी खिडकीकडे धावला. "खिडकी लावून घे, समोर आत्या बसलीय!"

आरोही त्याच्या आधी खिडकीशी पोचली. "आत्याआजी," तिने ओट्यावरच्या मंगलाबाईंना हाक मारली, "माझी शुगर वाढलीये. सायखेड्याला तुम्ही सांगता, का मी करू फोन?"

सबब कलम ५ मधील अट मी खोडली आहे, खाडाखोडीवर माझी सही आहे. घर आरोहीला बिनशर्त.

सही: सगुणाबाई मोतीराम जेजुरकर

आज संध्याकाळी बाईंनी वरील दस्त आम्हाला वाचून दाखवला व आमच्यासमोर सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या.
साक्षीदार: १) डॉ. सुयश बनकर २) अंबूबाई झिपरू मौले, शेजारीण
ठिकाण: मखमलाबाद, नाशिक
दिनांक: १४ जून २०२५